शिश्नांतर्गत रोपण

शिश्नांतर्गत रोपण : शिश्नाला समागमास पुरेशी ताठरता येत नाही किंवा आलेली ताठरता टिकत नाही, या विकारास उत्थानदोष म्हणतात. औषधे व इतर उपायांनी हा दोष दूर होत नसल्यास शिश्नातील दोन पिंडांमध्ये शस्त्रक्रियेने कृत्रिम दांडे अथवा द्रवाने फुगणाऱ्या नळ्या कायमच्या बसविता येतात. या साधनास व ते बसविण्याच्या उपचारास शिश्नांतर्गत रोपण म्हणतात. एका व्यक्तीचे इंद्रिय दुसऱ्या व्यक्तीत बसविण्याच्या प्रतिरोपणाशी याचा संबंध नाही. रोपणामुळे मूळ विकार बरा होत नाही. नैसर्गिक ताठरतेची जागा यांत्रिक ताठरता घेते. हा उपचार उलटविता येत नसल्याने उपचारांच्या क्रमात त्याचे स्थान शेवटचे आहे.

नपुंसकत्व, षंढत्व हे शब्द या विकारासाठी दीर्घकाळ वापरात होते. त्यांत अवहेलना आहे आणि संदिग्धताही आहे. ताठरतेचा अभाव, कामेच्छेचा अभाव, शीघ्रपतन व अपत्य न होणे हे चार वेगळे प्रश्न असून त्यांची कारणे व उपचार वेगळे आहेत. उत्थानदोष असलेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू पुरेसे असू शकतात. उलट, वंध्यत्व असलेल्या पुरुषाचे उत्थान पूर्णपणे प्राकृत असू शकते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९९२ मध्ये भरविलेल्या परिषदेने जुन्या शब्दाऐवजी उत्थानदोष या अर्थाची संज्ञा वापरण्याची शिफारस केली व ती आता सर्वत्र रूढ झाली आहे.

शारीर व क्रियाविज्ञान : शिश्नात तीन दंडगोलाकार पिंड असतात. वरच्या बाजूस शेजारी शेजारी असलेले दोन कोटरपिंड उत्थानाचे मुख्य कार्य करतात. खालच्या बाजूस असलेल्या तिसऱ्या पिंडातून मूत्रमार्ग जातो व त्याचेच पुढील टोक फुगून शिश्नमणी बनतो. कोटरपिंडांत स्पंजाप्रमाणे असंख्य पोकळ्या असून त्यांच्या भित्ती अरेखित (अनैच्छिक) स्नायूंच्या बनलेल्या असतात. प्रत्येक पिंडाभोवती तंतुमय ऊतकाचे (समान कार्य करणाऱ्या पेशींच्या समूहाचे) चिवट पांढरे आवरण असते. पिंडांची मागील टोके परस्परांपासून दूर जाऊन श्रोणीच्या (ओटीपोटाच्या) हाडांना घट्ट चिकटलेली असतात. रोपणाच्या दृष्टीने ही रचना महत्त्वाची आहे. कारण कृत्रिम नळी शिश्नाच्या बाहेर दिसणाऱ्या भागापुरती नसते, तर मागे हाडापर्यंत पोहोचते व तेथेच तिला आधार मिळतो.

कामोद्दीपन झाले असता मेरुरज्जूच्या (पाठीच्या कण्यातील मज्जेच्या) त्रिक भागातून निघणाऱ्या तंत्रिकांची (मज्जातंतूंची) टोके व रक्तवाहिन्यांचे अंतःस्तर यांतून नायट्रिक ऑक्साइड हा वायू मुक्त होतो. त्याच्या प्रभावाने पोकळ्यांच्या भित्तींतील स्नायू सैल पडतात, रोहिण्या रुंदावतात व पोकळ्या रक्ताने भरतात. फुगलेल्या पिंडाचा दाब चिवट आवरणाखालच्या नीलांवर पडून रक्त बाहेर जाण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. रक्त आत येणे व ते कोंडून राहणे या दोन्ही क्रिया झाल्या तरच ताठरता येते. म्हणजेच तंत्रिका, रोहिण्या, पिंडांतील स्नायू, हॉर्मोने व मन यांपैकी कोणताही दुवा निखळला तरी उत्थान बिघडते. नायट्रिक ऑक्साइडाचे रक्ताभिसरणातील कार्य उलगडल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लूइस इग्नॅरो व फरीद मुराद या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

कारणे : मधुमेहात तंत्रिका व सूक्ष्म रक्तवाहिन्या या दोहोंना इजा होत असल्याने उत्थानदोष अधिक प्रमाणात व कमी वयात आढळतो. रोहिण्यांच्या भित्तीत मेदयुक्त थर साचणे, उच्च रक्तदाब, धूम्रपान, अतिमद्यपान, दीर्घकालीन मूत्रपिंडविकार, पुं-हॉर्मोनाची न्यूनता, पाठीच्या कण्यास झालेली दुखापत व श्रोणीचा अस्थिभंग ही इतर प्रमुख कारणे होत. रक्तदाबावरील व मानसिक विकारांवरील काही औषधांनीही हा दोष उद्भवतो. अष्ठीला ग्रंथी (पुरुषांतील मूत्राशयाच्या तोंडाशी असणारी ग्रंथी), मूत्राशय किंवा मलाशय यांच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत उत्थानाच्या तंत्रिकांना इजा होऊ शकते. आवरणाला व्रणासारखी कठीण चकती येऊन शिश्न वाकणे आणि तासन्‌तास न उतरणारे वेदनायुक्त उत्थान या विकारांनंतर पिंडांतील ऊतक कायमचे निकामी होण्याचा संभव असतो. यांतील दुसरा विकार दात्र-पेशी पांडुरोगाच्या (सिकल सेल विकाराच्या) रुग्णांत उद्भवतो. विदर्भाचा पूर्व भाग व नंदुरबार जिल्हा येथे तो रक्तविकार आढळत असल्याने महाराष्ट्रातील डॉक्टरांनी हा संबंध ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

अनेक तरुण रुग्णांत इंद्रियांत कोणताही बिघाड नसतो. अपयशाची भीती हेच कारण असते. भीतीमुळे अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होऊन रोहिण्या आकुंचन पावतात व भीती खरी ठरते. गिरणगावाच्या भरभराटीच्या काळात लालबाग-परळच्या खोल्यांतून एकट्याने राहणारे असंख्य कामगार वर्षातून काही दिवसच, गणपतीला वा शिमग्याला, गावी पत्नीकडे जात. अशा मोजक्या भेटींत एखादे अपयश मनाला लागून राहणे स्वाभाविक होते. वीर्यनाशाने शक्ती नष्ट होते ही समजूतही अशी भीती पोसते. या समजुतीतून येणाऱ्या लक्षणसमूहास भारतीय मनोविकारतज्ञ न. ना. विग यांनी १९६० मध्ये 'धात' या लोकभाषेतील शब्दावरून नाव दिले. अशा रुग्णांना रोपणाची गरज नसते. समुपदेशन व पतिपत्नींनी मिळून घेतलेले उपचार त्यांना उपयोगी पडतात.

निदान : दोष अचानक आला की हळूहळू, पहाटेचे उत्थान होते की नाही, कोणती औषधे चालू आहेत, या प्रश्नांच्या उत्तरांतून निदानाची दिशा कळते. पहाटे किंवा झोपेत पुरेसे उत्थान होत असल्यास शरीरातील यंत्रणा शाबूत आहे असे समजतात. रक्तातील साखर, मेद व पुं-हॉर्मोन यांचे मापन, रक्तदाब व हृदयाची तपासणी या प्राथमिक चाचण्या होत. आवश्यकतेनुसार शिश्नात औषध टोचून श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनितरंगांच्या साहाय्याने रोहिण्यांतील रक्तप्रवाह मोजतात.

या तपासणीचे महत्त्व समागमापुरते नाही. शिश्नाच्या रोहिण्यांचा व्यास सु. १ ते २ मिमी. व हृद्‌रोहिण्यांचा सु. ३ ते ४ मिमी. असतो. रोहिण्यांत मेदाचा थर साचू लागल्यास त्याचा परिणाम अरुंद रोहिण्यांत आधी जाणवतो. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीतील पुरुषात हळूहळू वाढणारा उत्थानदोष ही पुढे काही वर्षांनी प्रकट होणाऱ्या हृद्‌विकाराची पूर्वसूचना असू शकते. लाजेपोटी तो लपविणारा अथवा परस्पर जाहिरातीतील औषध घेणारा रुग्ण ही सूचना गमावतो.

रोपणापूर्वीचे उपचार : धूम्रपान सोडणे, मधुमेह व रक्तदाब आटोक्यात ठेवणे, वजन घटविणे आणि कारणीभूत औषध बदलणे हे प्रथमोपचार होत. १९९८ मध्ये सिल्डेनाफिल या पोटात घ्यावयाच्या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाल्यावर उपचारांचे स्वरूप पालटले. नायट्रिक ऑक्साइडामुळे पेशींत तयार होणाऱ्या संदेशवाहक द्रव्याचा नाश हे औषध रोखते. त्यामुळे ते आपोआप उत्थान घडवीत नाही, कामोद्दीपन झाल्यावर साहाय्य करते. हृद्‌शूळासाठी नायट्रेट वर्गातील औषधे घेणाऱ्यांनी ते घेतल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरतो. म्हणून वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते घेऊ नये. गोळ्यांचा उपयोग न झाल्यास निर्वात नळीच्या साहाय्याने रक्त ओढून मुळाशी कडे बसविणे अथवा पिंडात औषध टोचून घेणे हे पर्याय असतात. १९८२ मध्ये फ्रान्समधील रोनाल्ड व्हिराग यांनी पापाव्हरीन टोचून उत्थान घडविता येते असे दाखविले. पुढे आल्प्रोस्टॅडिल हे औषध प्रचारात आले. टोचणीनंतर चार तासांहून अधिक टिकणारे उत्थान ही तातडीने रुग्णालयात जाण्याची बाब आहे. हे सर्व उपाय निष्फळ ठरल्यास, सोसत नसल्यास किंवा रुग्णास नकोसे झाल्यास रोपणाचा विचार करतात.

इतिहास : कुत्रा, वॉलरस यांसारख्या अनेक सस्तन प्राण्यांच्या शिश्नात हाड असते, मानवात ते नसते. कृत्रिम आधाराची आद्य कल्पना या हाडासारखीच होती. रशियन शस्त्रक्रियाविशारद निकोलाय बोगोराझ यांनी १९३६ मध्ये पुनर्रचित शिश्नात बरगडीच्या कूर्चेचा तुकडा बसविला. मात्र अशी कूर्चा कालांतराने शोषली जाते किंवा वाकते, असे आढळले. १९५० नंतरच्या दशकात ॲक्रिलिकाचे दांडे वापरण्यात आले. ते पिंडांच्या बाहेर बसविले जात असल्याने त्वचा भेदून बाहेर येत. ईजिप्तमधील बेहेरी यांनी १९६६ मध्ये पॉलिएथिलिनाचे दोन दांडे प्रत्यक्ष पिंडांच्या आत बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नैसर्गिक ताठरता जेथे उत्पन्न होते तेथेच कृत्रिम आधार देण्याचे हे तत्त्व पुढील सर्व रोपणांनी स्वीकारले.

शरीरात दीर्घकाळ निरुपद्रवी राहणारे सिलिकोन रबर उपलब्ध झाल्यावर या उपचारास स्थैर्य आले. १९७३ मध्ये अमेरिकेतील ब्रँटली स्कॉट, विल्यम ब्रॅडली व जेरल्ड टिम यांनी द्रवाने फुगणारे रोपण सादर केले, तर १९७५ मध्ये मायकेल स्मॉल व हर्नान कॅरिअन यांनी सिलिकोनाच्या दोन अर्धताठर दांड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे जर्मनीतील उडो योनास यांनी दांड्याच्या गाभ्यात चांदीची तार घालून तो हवा तसा वाकविण्याची सोय केली. २००१ पासून प्रतिजैव (सूक्ष्मजंतुनाशक) औषधांचा लेप दिलेली रोपणे उपलब्ध झाल्याने संक्रामणाचे (रोगजंतूंच्या शिरकावाचे) प्रमाण घटले.

प्रकार : रोपणांचे दोन मुख्य वर्ग आहेत. (१) अर्धताठर रोपण : यात दोन लवचिक दांडे असतात. त्यांची जाडी व लांबी कायम राहते. समागमाच्या वेळी शिश्न हाताने वर व नंतर खाली वळवितात. यांत बिघडण्यासारखे भाग अत्यल्प, शस्त्रक्रिया तुलनेने सोपी आणि किंमत कमी असते. हाताची बोटे नीट न चालणाऱ्या रुग्णांसही ते वापरता येते. शिश्न नेहमीच काहीसे ताठ राहत असल्याने ते कपड्यांतून जाणवू शकते, हा त्याचा मुख्य दोष होय. (२) फुगणारे रोपण : याच्या तीन घटकी प्रकारात पिंडांतील दोन नळ्या, मुष्कात (वृषणकोशात) बसविलेला छोटा पंप आणि ओटीपोटात मूत्राशयाजवळ ठेवलेली लवणजलाची पिशवी असते. पंप दाबला की द्रव नळ्यांत जाऊन ताठरता येते. झडप दाबली की तो पिशवीत परततो. शिथिल व ताठर या दोन्ही अवस्था यात नैसर्गिक अवस्थांच्या जवळ जातात. मात्र किंमत पुष्कळ अधिक असते आणि गळती वा पंपाचा बिघाड झाल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. दोन घटकी प्रकारात स्वतंत्र पिशवी नसते.

शस्त्रक्रिया : मधुमेह नियंत्रणात आणणे, मूत्रमार्गातील व त्वचेवरील संक्रामण पूर्ण बरे करणे ही पूर्वतयारी अनिवार्य आहे. कमरेखालचा भाग बधिर करून किंवा पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया करतात. शिश्न व मुष्क यांच्या सांध्यावर, जघनास्थीच्या खाली किंवा शिश्नमण्याच्या मागे छेद घेऊन पिंडाचे आवरण उघडतात. क्रमाने वाढत्या जाडीच्या शलाकांनी पिंडाची पोकळी पुढे व मागे रुंद करून तिची लांबी मोजतात व तेवढ्याच मापाचे रोपण बसवितात. माप लहान झाल्यास शिश्नमणी खाली लोंबतो. मोठे झाल्यास दांड्याचे टोक ऊतकावर दाब देऊन वेदना होतात व ते बाहेर येण्याचा धोका संभवतो. त्यामुळे मापनातील अचूकता हा या शस्त्रक्रियेचा गाभा होय. सामान्यतः चार ते सहा आठवड्यांनी समागमास परवानगी देतात.

उपद्रव : संक्रामण हा सर्वांत गंभीर उपद्रव होय. प्रथमच केलेल्या शस्त्रक्रियेत त्याचे प्रमाण साधारणपणे शेकडा १ ते ३ असून पुन्हा केलेल्या शस्त्रक्रियेत ते वाढते. त्वचेवरील सूक्ष्मजंतू रोपणाच्या पृष्ठभागावर चिकट थर करून राहतात व तेथे औषधे पोहोचत नाहीत. म्हणून बहुधा संपूर्ण रोपण काढावे लागते. ते काढल्यावर पिंडांत व्रणऊतक तयार होऊन शिश्न आखडते व नवे रोपण बसविणे कठीण जाते. मूत्रमार्गास इजा होणे, आवरण फाटणे, रोपण सरकणे व यांत्रिक बिघाड हे इतर उपद्रव होत. मेरुरज्जूच्या दुखापतीमुळे संवेदना नष्ट झालेल्या रुग्णास टोचणाऱ्या दांड्याची वेदना कळत नसल्याने विशेष दक्षता घ्यावी लागते.

फलित : रोपणाने शिश्नाची लांबी वाढत नाही, अनेकांना ती पूर्वीपेक्षा थोडी कमी वाटते. शिश्नमण्यात रोपण नसल्याने तो फुगत नाही. त्वचेची संवेदना, कामतृप्ती व वीर्यपतन यांच्या तंत्रिका वेगळ्या असल्याने या क्रिया शस्त्रक्रियेपूर्वी जशा होत्या तशाच सामान्यतः राहतात. नाहीशी झालेली कामेच्छा रोपणामुळे परत येत नाही आणि दुरावलेले दांपत्यसंबंधही आपोआप सुधारत नाहीत. पिंडांतील ऊतक दाबले गेल्यामुळे नंतर रोपण काढले, तरी पूर्वीचे नैसर्गिक उत्थान परत मिळण्याची अपेक्षा धरता येत नाही. या गोष्टी आधी समजलेल्या दांपत्यांत समाधानाचे प्रमाण पुष्कळ आढळते. तारुण्य परत मिळेल अशा आशेने आलेला रुग्ण शस्त्रक्रिया निर्दोष झाली तरी निराश होतो. पत्नीची संमती ही औपचारिकता नव्हे. उपचाराचा अर्धा अनुभव तिचा असल्याने तिच्याशी स्वतंत्रपणे बोलणे हे शस्त्रक्रियाविशारदाचे कर्तव्य आहे.

मुंबईतील परिस्थिती : लैंगिक विकारांविषयी शास्त्रीय भाषेत बोलण्याचा मराठीतील लढा प्रामुख्याने मुंबईत लढला गेला. गिरगाव चौपाटीजवळील विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असलेले र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी चालविलेल्या समाजस्वास्थ्य मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली जात. अशा उत्तरांवरून भरलेल्या १९३४ मधील अश्लीलतेच्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. तथापि कर्वे यांना दंड झाला. शंका विचारण्याची ही जागा समाजाने मोकळी ठेवली नाही, तेव्हा ती जाहिरातदारांनी बळकावली. 'गुप्तरोगां'वर हमखास इलाज सांगणारी पत्रके मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून प्रवास करणाऱ्यांच्या परिचयाची आहेत. संभोगसुखाची क्षमता वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तरीही त्या आढळतात.

शास्त्रीय उपचारांच्या दृष्टीने परळ परिसरास विशेष महत्त्व आहे. १९२६ मध्ये सुरू झालेले महानगरपालिकेचे राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालय व त्यास जोडलेले शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय येथे प्रकाश कोठारी यांच्या नेतृत्वाखाली लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा राहिला. सार्वजनिक रुग्णालयात हा विषय हृदयविकार वा क्षयरोग यांच्या बरोबरीने हाताळला जाऊ लागल्याने सामान्य उत्पन्नाच्या रुग्णास वैदूखेरीज दुसरे दार उपलब्ध झाले. जवळच १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. कर्करोगातून वाचलेल्या रुग्णाच्या पुढील आयुष्याचा विचार करताना उत्थानदोषाचा प्रश्न तेथील उपचारांच्या कक्षेत साहजिकच येतो.

परदेशी फुगणारे रोपण बहुसंख्य भारतीय रुग्णांच्या आवाक्याबाहेरचे असते. ही अडचण ध्यानात घेऊन मुंबईतील पुरुषरोगतज्ञ रूपिन शाह यांनी एका अर्धताठर रोपणाची रचना केली. शाह रोपण या नावाने ते ओळखले जाते व त्याचे उत्पादन भारतातच होते. सिलिकोनाच्या दांड्यात मऊ सांध्यासारखा भाग ठेवल्यामुळे शिश्न खाली वळविणे सुलभ होते. दांड्यावरील वेष्टने काढता येत असल्याने एकाच साधनाची जाडी निरनिराळ्या रुग्णांच्या पिंडांशी जुळविता येते व रुग्णालयास अनेक मापांचा साठा बाळगावा लागत नाही. पंप व झडपा नसल्याने यांत्रिक बिघाडाचा प्रश्न फारसा उद्‌भवत नाही. शिथिल अवस्थेचा नैसर्गिकपणा काही अंशी सोडून देऊन कमी खर्च व टिकाऊपणा साधणारी ही तडजोड आहे आणि ती तशीच समजावून सांगितल्यास अनेक रुग्णांना स्वीकारार्ह वाटते.

रुग्णाची निवड : मधुमेह, रोहिण्यांचे विकार, कर्करोगावरील शस्त्रक्रिया, कण्याची दुखापत किंवा पिंडांतील व्रणऊतक यांमुळे कायमचा दोष आलेला, इतर उपचारांचा पुरेसा अनुभव घेतलेला व रोपणाच्या मर्यादा जाणणारा रुग्ण या उपचारास योग्य होय. दोष अलीकडचा असल्यास, पहाटेचे उत्थान प्राकृत असल्यास, संक्रामण चालू असल्यास अथवा तीव्र मानसिक विकारावर उपचार झालेले नसल्यास रोपण करू नये. पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेचा आग्रह होत असल्यास रुग्णाने दुसऱ्या तज्ञाचे मत अवश्य घ्यावे. वय हा मात्र अडसर नाही. हृदय व इतर इंद्रिये शस्त्रक्रिया सोसण्याजोगी असल्यास वृद्ध पुरुषासही हा उपचार करता येतो.